माहा बाप पेत नाई

डॉक्टर माझ्या बापाच्या तोंडावर वाकले. नाकाने एक श्वास ओढला. लगेच सरळ झाले आणि खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

"पिऊन आलाय," ते म्हणाले. "बाहेर व्हरांड्यात टाका. उतरेल संध्याकाळपर्यंत."

एवढीच तपासणी. हात लावला नाही. पापणी उचलून पाहिली नाही. प्रेशरचं यंत्र तिथेच टेबलावर होतं, त्याची पेटीसुद्धा उघडली नाही. मी त्याच टेबलापाशी उकळलेल्या सुया चिमट्याने ट्रेमध्ये मांडत होते. अमरावतीतल्या एका देणगीवर चालणाऱ्या दवाखान्यात मी नर्सचं काम शिकत होते. अंगावर पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी. स्ट्रेचरवर कोण आहे ते मला आधी ओळखूच आलं नाही, कारण बापाचं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं. मागून माय धावत आली तेव्हा कळलं.

"अवो माय, तुह्या बाले पाय वो! बोलत नाई तो!"

ट्रे माझ्या हातून टेबलावर आदळला. मी म्हणाले, "सर, हे माझे वडील आहेत. ते पीत नाहीत."

डॉक्टरांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. मी कोणत्या वस्तीतून या दवाखान्यात आले ते त्यांना ठाऊक होतं, आणि तोपर्यंत त्यांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी दाखवलं.

"अच्छा, तुझे वडील. धर्म बदलला, पण सवयी नाही बदलल्या तुमच्या लोकांच्या."

माय हात जोडून पुढे झाली. "पेला नाई जी साहेब. आंग गार पडलं मनून चोयली. आंगाले चोयली. पोटात थेंब नाई."

"चोळायला तरी आणली कुठून? दारूबंदी आहे. पोलिसांना बोलावू?"

पोलीस म्हटल्याबरोबर मायची मान खाली गेली. मग तिने हळूच मागे वळून पाहिलं. दारात बापूसाहेब उभे होते. आमच्या गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या वावरात माझा बाप सालदार होता, आणि त्यांच्याच जीपगाडीतून बापाला नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या खेड्यातून इथवर आणलं होतं. माय त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. डॉक्टरांनीही पाहिलं.

बापूसाहेबांनी काळा चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"मला काय ठाऊक, डॉक्टर? यांच्या वस्तीत हवी तेवढी मिळते."

शुद्ध मराठीत बोलले. गावात हाच माणूस आमच्याशी आमच्यासारखं बोलायचा. "काय सखाराम, कसं हाये?" म्हणायचा. दवाखान्याच्या दारात त्याची भाषा बदलली, आणि भाषेबरोबर माणूसही बदलला. चष्मा डोळ्यावर चढवून ते जीपकडे निघून गेले.

तेवढ्यात बापाने ओकारी केली. फरशीभर. एक वॉर्डबॉय झाडूवाल्याला हाक मारायला निघाला तर डॉक्टरांनी त्याला थांबवलं.

"त्याला कशाला? हिचाच बाप आहे. ही पुसेल."

मी पुसलं. गणवेशात, गुडघ्यावर बसून. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यातल्या एकीला हसू आलं, तिने तोंड वळवलं. रांगेतले रोगी पाहत होते, रोग्यांचे नातेवाईक पाहत होते. मी बादलीत फडकं पिळत होते आणि पलीकडे माझ्या बापाला उचलून बाहेर नेत होते. त्याचा उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता आणि दाराच्या चौकटीला आपटला. कोणी तो उचलून वर ठेवला नाही.

आता माझ्या बापाबद्दल सांगते.

बाप आधी पीत होता. लपवत नाही. दीक्षेआधी आमच्या वस्तीत मोहाची भट्टी होती आणि बाप तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांतला. प्यायला की मायला मारायचा. मी लहान होते, पण मायच्या पाठीवरचे वळ मला आठवतात. छप्पन साली बाप दीक्षा घ्यायला नागपूरला गेला. पायी, बैलगाडीने, रेल्वेने, जसं जमेल तसं. परत आला तो दुसराच माणूस होऊन. घरात न शिरता थेट भट्टीवर गेला आणि एकेक मडकं उचलून दगडावर आपटलं. भट्टीवाल्याने काठी काढली तर म्हणाला, "मार. पन मडकं राहू देनार नाई."

त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीलासुद्धा आधी नाक लावून पाहायचा. वस्तीत कोणी झिंगत आला की बाप विहाराच्या ओट्यावरून उठायचा, आणि तो माणूस आपसूक दुसऱ्या गल्लीने वळायचा. लोक त्याची टिंगल करायचे. "सखाराम आला, तोंड धुवा रे," म्हणायचे. बाप हसायचा. त्याच्याजवळ वावर नव्हतं, घर कुडाचं होतं, शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी पीत नाही, एवढी एकच इस्टेट त्याने स्वतःच्या हाताने कमावली होती.

आणि बापूसाहेब. माझ्या बापाचा या माणसावर जीव होता. दर वैशाख पौर्णिमेला बापूसाहेब वस्तीत यायचे, आमच्यात सतरंजीवर बसायचे, आमच्या कपाने चहा प्यायचे. समतेवर बोलायचे, आणि फार छान बोलायचे. मला दवाखान्यात शिकायला घेतलं ते त्यांच्या शब्दावर, कारण ते दवाखान्याच्या कमिटीवर होते. बाप गावभर सांगायचा, "बापूसाहेब आपला मानूस हाये." मीसुद्धा तसंच मानत होते. त्यांचं भाषण ऐकताना मला वाटायचं, दुनिया बदलून राहिली आणि आपण ती बदलताना पाहतो आहोत.

फरशी पुसून हात धुतले आणि मी व्हरांड्यात गेले. बाप चटईवर उताणा पडला होता. श्वास घोरल्यासारखा. उजवं अंग मेलेलं. माय त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, काय झालं ते नीट सांग.

सकाळी बाप पऱ्हाटीच्या वावरात बैलांमागे डवरा धरून होता. मधेच डवरा सोडला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडला, "डोस्कं फुटून राह्यलं वो!" मग खाली बसला आणि कलंडला. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा. आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. वारं गेलं की मोहाची दारू गरम करून त्या अंगाला चोळायची, ऊब आली की वारं उतरतं, असं समजतात. म्हातारी माणसं सांगत आली, तरणी ऐकत आली. बायका गोळा झाल्या आणि एकीने म्हटलं, मोहाची आणा. पण मोहाची आणायची कुठून? वस्तीतली भट्टी बापानेच तर मोडली होती.

"मंग?" मी विचारलं.

मायनं इकडेतिकडे पाहिलं. आवाज बारीक केला.

"बापूसाहेबानं देल्ली. त्याइच्या कपाटातली. विलायती. मनले, हे चोया लवकर, म्या गाडी काहाडतो."

"अन् तो आता काय म्हणून गेला, ऐकलं ना तू?"

"आयकलं."

"मग बोलली काहून नाई?"

"मालक हाये तो. पोलिसाचं नाव काहाडलं साहेबानं. तुही शाळा हाये त्याच्या हातात." मग तिचा बांध फुटला. "बाई, तुहा बा एका हातानं बाटली लोटून राह्यला होता. नाई नाई करत होता. आमी चौघीनं हात धरले त्याचे अन् चोयली."

मला तेव्हा जे झालं त्याला राग म्हणता येणार नाही. राग नंतर आला. आधी पायाखालून काहीतरी गेलं. ज्या माणसाला आम्ही आपला म्हटलं, त्याने एक वाक्य बोलायचं होतं. 'बाटली माझी, अंगाला चोळली.' बस. त्याला दारूचं परमिट नव्हतं म्हणून, कमिटीतल्या लोकांत बाटलीचा बोभाटा होईल म्हणून, त्याने माझ्या बापाला दारुड्या करून टाकलं. विलायतीचा वास आमच्या वस्तीत कुठून येणार, हे डॉक्टरांच्या नाकालाही कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

बापाला ऐकू येत होतं. हे मी खात्रीने सांगते. आमचं बोलणं चाललं असताना त्याने डावा हात उचलला. हळूहळू गळ्यापाशी नेला आणि दोन बोटांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. आमच्याकडे गळ्याची शपथ अशी घेतात. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत. त्याची जीभ गेली होती, म्हणून तो हाताने शपथ घेत होता. मी पेलो नाई.

डॉक्टर तेव्हाच व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी तो हात पाहिला आणि हसले.

"घसा कोरडा पडलाय. अजून मागतोय बघा. लिंबाचं पाणी पाजा त्याला."

मी त्यांच्या मागे आत गेले. म्हटलं, "सर, ती बाटली बापूसाहेबांची होती. त्यांच्या घरची. अंगाला चोळायला त्यांनीच दिली. एकदा प्रेशर तरी पाहा."

डॉक्टर खुर्चीत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "बापूसाहेब? आपल्या कमिटीचे बापूसाहेब? तू काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"कळतं सर."

"ज्यांनी तुला इथे आणलं त्यांच्यावर आळ घेतेस. कृतघ्न जात. जा, कामाला लाग."

मी बाहेर आले तोवर वॉर्डबॉय हुकमाप्रमाणे लिंबाचं पाणी घेऊन आला होता. मायनं बापाचं तोंड उघडलं होतं आणि तो ग्लास ओतत होता. उताण्या, अर्ध्या बेशुद्ध माणसाच्या घशात. पाणी श्वासात गेलं. बाप काळानिळा पडला, असा खोकला की मला वाटलं इथेच संपला. मी त्याला कुशीवर वळवलं. तोंडातून पाणी आणि ओकारी वाहून गेली. त्याचा श्वास परत चालू झाला, पण छातीत खरखर लागली ती शेवटपर्यंत राहिली.

दिवस कलताना बाहेरचे मोठे डॉक्टर आले. आठवड्यातून दोनदा यायचे. म्हातारे, कमी बोलणारे. व्हरांड्यातून जाताना त्यांचं लक्ष गेलं, ते थांबले आणि चटईशेजारी खाली बसले. यंत्र मागवलं, दंडाला पट्टा बांधला. पारा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मानेखाली हात घालून मान उचलून पाहिली, ती ताठ होती. मग पाठीच्या कण्यातून सुई घालून पाणी काढलं. ते पाणी लाल होतं.

"मेंदूतली शीर फुटली आहे," ते म्हणाले. "याला इथे कोणी टाकलं?"

बापाला आत पलंगावर नेलं, उशाशी उंच केलं, नळी घालून घसा साफ केला, प्रेशर उतरवायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास बाप गेला. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, वेळेवर पाहिलं असतं तर वाचला असता का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "सांगता येत नाही. या दुखण्यात बहुतेक जातात. पण उताणा टाकून पाणी पाजायला नको होतं. ते दुखणं आपण दिलं."

'आपण' म्हणाले. त्या दवाखान्यात तेवढा एकच माणूस 'आपण' म्हणाला.

गावात आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सखाराम दारू पिऊन मेला. ज्यांना बापाने कधी काळी टोकलं होतं, ते आता मिटक्या मारत सांगत होते. सांगणाऱ्याचं नाव विचारलं की शेवटी बोट बापूसाहेबांच्या दिवाणजीकडे जायचं. त्याच्याही पलीकडे बोट दाखवायची हिंमत कोणाची?

विहारात बापासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. बापूसाहेब आले, पांढरेशुभ्र कपडे घालून. आत शिरायच्या आधी मला बाजूला घेतलं. डोक्यावर हात ठेवला.

"झालं गेलं इसर पोरी. तुही परीक्षा जवळ आली. म्या हावो ना."

पुन्हा आमच्या भाषेत. त्या हाताखाली माझं डोकं जळत होतं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. दारूपासून दूर राहीन असं पाचवं शील सगळे म्हणाले तेव्हा चार-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मायनं ते पाहिलं आणि पदर तोंडात धरला. मग बापूसाहेब बोलायला उभे राहिले. बापाची स्तुती केली. कष्टाळू होता, इमानी होता. आणि मग म्हणाले, "मानूस मनला की एखादी कमजोरी राहतेच. सखारामालेही शेवटी मोह झाला असंन. मेलेल्याचं आपन पोटात घालावं."

म्हणजे तेच माफ करत होते. त्यांनीच बापाच्या अंगावर घाण टाकली आणि आता चारचौघांत मोठ्या मनाने ती पुसायला निघाले होते. मला त्या माफीनेच पेटवलं. मी उठले.

"बापूसाहेब, थांबा. बाटली कोनाची होती ते आधी सांगा, मंग बोला."

बापूसाहेब लोकांकडे वळून म्हणाले, "दुःखानं पोरीचं डोस्कं फिरलं."

आणि आमचीच माणसं! ज्यांच्यासाठी बापाने मडकी फोडली, काठीपुढे छाती काढली, ती. एक म्हातारा म्हणाला, "बस ना माय, मालक हायेत ते." दुसरा म्हणाला, "आपल्याले गावात राहाचं हाये." त्या दिवशी मला कळलं की दगा एकटा मालक देत नाही. त्याला सतरंजी अंथरून देणारे आपणच असतो.

पण माय उठली. आजवर कधी चार माणसांत न बोललेली माझी माय. पदर खोचला आणि थेट बापूसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"माह्या हातात तुमी देल्ली बापूसाहेब. या हातात. म्या चोयली. पेला नाई तो. दवाखान्यात म्या तुमच्याकडे पाह्यलं, तुमी चष्मा पुसत राह्यले. आता पोटात घाला मनता? माह्या मानसाचं पोटात घालाचं काईच नाई. तुमचं असंन तर पाहा."

बापूसाहेब बाहेर पडले. वहाणा घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. पुन्हा त्यांनी आमच्या वस्तीत पाऊल टाकलं नाही, आणि मायला त्यांच्या वावरात कोणी बोलावलं नाही. महिन्याच्या आत मला दवाखान्याने घरी पाठवलं. कारण सांगितलं, वागणूक बरोबर नाही. मॅट्रन बाईंनी जाताना समजावलं, "माफी माग, बापूसाहेब मोठ्या मनाचे आहेत." मी म्हटलं, त्यांच्या मोठ्या मनात आता माझा बाप मरून पडला आहे, मला तिथे जागा नको. टोपी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आले.

शिक्षण दुसरीकडे पुरं केलं. कसं केलं ती वेगळी कथा आहे, ती सांगून मला कोणाची हळहळ नको. आज मी अकोल्याच्या एका दवाखान्यात तातडीच्या खोलीची सिस्टर आहे. तिथे पहिल्याच दिवशी मला बाहेरच्या ओसरीवर एक हमाल पडलेला दिसला. उताणा, तोंडाला फेस, घोरत होता. विचारलं तर उत्तर आलं, "बेवडा आहे, सिस्टर." मी त्याला आत घेतलं. दोघांच्या मदतीने कुशीवर वळवलं, डोकं उंच केलं, दंडाला पट्टा बांधला. पारा वर वर चढत गेला. डॉक्टर जेवायला बसले होते, त्यांना जेवणावरून उठवलं. ते चिडले. चिडू देत. तो हमाल वाचला नाही. पण तो पलंगावर गेला, त्याच्या घशात कोणी पाणी ओतलं नाही, आणि त्याच्या बायकोला कोणी पोलिसांची भीती घातली नाही.

तेव्हापासून माझ्या खोलीत हेच चालतं. लुळा पडलेला, बरळणारा, ओकणारा माणूस आला की आधी कुशीवर, मग घसा साफ, मग प्रेशर. तोंडात थेंब घालायचा नाही. डॉक्टर येईपर्यंत कोणी त्याच्यावर शेरा मारायचा नाही. नवे डॉक्टर येतात, वैतागतात. एक म्हणाले, "सिस्टर, हा खरोखरच प्यायलेला आहे, वास येतोय." मी म्हटलं, "असेल. पिणाऱ्याचीसुद्धा शीर फुटते. यंत्र लावा." माझी तक्रार वरपर्यंत गेली. उर्मट आहे, हटवादी आहे, आपल्या लोकांची बाजू घेते. सगळं खरं आहे. घेते.

कोणी सांगतात, बापूसाहेब आता थकले, तुझी आठवण काढतात, एकदा जाऊन ये. मी जाणार नाही. ज्याला भेटायचं असेल त्याने आधी त्या डॉक्टरांच्या समोर उभं राहून 'बाटली माझी' हे एक वाक्य बोलावं. ते बोलून माझा बाप परत येणार नाही, आणि मला रडून मोकळंही व्हायचं नाही. मायला मात्र ते ऐकायचं आहे. ती अजून वाट पाहते. मी वाट पाहणं सोडलं.

मी आहे तोवर या दारातून आलेल्या माणसाचा आधी वास कोणी घेणार नाही. घेतला, तर त्याने माझ्याशी गाठ आहे हे समजून घ्यावं.